रात्री दोनला आईला पाणी कोण देणार, ते आधी विचार

निपाणीहून एका लेकीचं पत्र आलंय. थोडं कापून देते:

"सिस्टर, आई ७७ वर्षांची, बाबा गेल्यापासून बेळगावात शहापुरातल्या घरात एकटीच असते. सहा महिन्यात दोनदा बाथरूममध्ये पडली, एकदा दूध गॅसवर ठेवून शेजारी जाऊन बसली, आता रात्री उठून दार उघडते म्हणे. माझ्याकडे सासू-सासरे आणि दोनच खोल्या. दादा-वैनी पुण्याला, दोघं जॉबला. दादा म्हणतो पुण्यात एक होम बघितलंय, महिना ३५ हजार, एसी, लिफ्ट, शहापूरचं घर विकून डिपॉझिट भरूया. मला बेळगावजवळचं एक साधं होम कळलंय, महिना १६ हजार, खरं तिथल्या बायका सगळ्या कन्नडच बोलतात आणि आईला बाजारापुरतंच कन्नड येतं. समोरच्या मावशी तोंडावर म्हणाल्या, 'जित्या आईला आश्रमात टाकुलालीस व्हय'. झोप लागंना. काय करू?"

हे बघ बाळ, मी तुला अगं-तुगं करणार, वॉर्डात एकतीस वर्षं सगळ्यांना असंच बोलत आले, आता सुधारणार नाही.

त्या मावशींचं आधी मिटवूया. पुढच्या वेळी भेटल्या की हसून म्हण, मावशी, आठवडाभर रात्री आईजवळ झोपायला येता काय, मी बिछाना घालते. येणार नाहीत. आणि आल्या तर फारच चांगलं की, आठ रात्रीची झोप मिळेल तुला. टाकतात कचरा. आई जिथं पडणार नाही, उपाशी राहणार नाही अशी जागा शोधायला वणवण करणारी लेक तिला टाकत नसते, एवढं डोक्यात ठेव आणि पुढचं वाच.

होम बघायच्या आधी एक काम आहे ते कुणी केलंय असं तुझ्या पत्रावरून दिसत नाही. आईला डॉक्टरकडे नेऊन नीट तपासलंय काय? सहा महिन्यात एवढा फरक पडलाय म्हणजे सगळं म्हातारपण म्हणून सोडून द्यायचं नसतं. म्हाताऱ्या माणसाला लघवीचं इन्फेक्शन झालं तर ताप येतोच असं नाही, नुसतं बडबडायला लागतंय, रात्री उठून फिरतंय. रक्तातलं सोडियम कमी झालं तरी तेच, थायरॉईड बिघडलं तरी तेच, बी-ट्वेल्व्ह कमी असेल तरी विसरायला होतं, आणि आपल्याकडच्या शाकाहारी बायकांत ते कमी असायला वेळ लागत नाही. बीपीची गोळी जास्त झाली की उठताना चक्कर येऊन पडतात, मग आपण फरशीला दोष देतो. मोतीबिंदू, कान, सगळं बघून घे. आणि सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून ने, चिठ्ठी नव्हे, खऱ्या गोळ्या, कारण तीन डॉक्टरांच्या तीन चिठ्ठ्यांतली एकच गोळी दोन वेगळ्या नावांनी चालू आहे असं मी किती वेळा बघितलंय. तपासणीत काही सापडलं तर अर्धा त्रास कमी होईल, नाही सापडलं तर निदान होमवाल्यांना सांगायला तुझ्याकडे कागद असेल, कारण 'जरा विसरते' आणि 'डिमेन्शिया आहे' यात होम निवडताना जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

आता होमचं. आपल्याकडे लोक सगळ्यालाच आश्रम म्हणतात आणि तिथंच घोळ होतो. एक असतंय निराधारांसाठी, फुकट, संस्था चालवतात, काहींना केंद्राच्या योजनेतून २५ वृद्धांच्या होमसाठी अनुदान मिळतं, ते ज्यांना कुणी नाही त्यांच्यासाठी, तिथं तुझ्या आईचा नंबर लागणार नाही आणि लावायला जाऊही नको. दुसरं पैसे भरून राहायचं, चालत्या-फिरत्या माणसांसाठी, जेवण, खोली, सकाळी पूजा, संध्याकाळी टीव्ही. तिसरं जिथं अंथरुणावरच्या माणसाचं सगळं करतात, डायपर, नळीतून जेवण, दर दोन तासांनी कूस बदलणं. आणि चौथं डिमेन्शियाचं, जिथं माणूस रात्री दार उघडून बाहेर जाऊ नये अशी सोय असते आणि बायका त्या कामाला तयार केलेल्या असतात. बोर्डावर हे चारही सारखेच दिसतात, 'प्रेमाचं दुसरं घर' नाहीतर असलंच काहीतरी.

म्हणून फोनवरच पहिला प्रश्न हा विचार: आज आई चालते, उद्या चालायची थांबली तर ठेवून घेणार की घेऊन जा म्हणणार? बऱ्याच ठिकाणी उत्तर येईल, "मॅडम, सेल्फ पेशंटच घेतो आम्ही." म्हणजे स्वतःचं स्वतः करणारी. ते खोटं बोलत नाहीत, त्यांची तेवढी माणसंच नसतात, खरं मग दोन वर्षांनी मांडीचं हाड मोडलं की पुन्हा शोधाशोध, आणि तेव्हा तुला निवडायला वेळ नसेल, हॉस्पिटलवाले डिस्चार्ज लिहून बसलेले असतील. तुझी आई दोनदा पडलीय आणि रात्री दार उघडते, म्हणून नुसतं दुसऱ्या प्रकारचं होम तिला पुरणार नाही असं मला वाटतंय. पुण्याचं होम ३५ हजारात ह्यातलं काय देतं ते दादानं विचारलंय काय? लिफ्ट आहे हे कळलं. लिफ्टनं खाली आलेली बाई गेटच्या बाहेर गेली तर कुणाला कळणार, ते विचार म्हणावं.

भाषेचं तू एका वाक्यात लिहून पुढे गेलीस, आणि मला सगळ्यात जास्त तेच बोलायचंय.

आईला बाजारापुरतं कन्नड येतं म्हणतेस. आज येतं. डोकं विसरायला लागलं की बऱ्याच जणांची मागाहून शिकलेली भाषा आधी सुटते, लहानपणची शेवटपर्यंत राहते. वॉर्डात एक वडगावचे आजोबा होते, जन्मभर माग चालवलेले, व्यापाऱ्यांशी कन्नडात भांडून भाव ठरवायचे म्हणे. शेवटच्या वर्षी कन्नडचा एक शब्द उरला नव्हता. रात्रपाळीला बैलहोंगलकडची एक नवीन पोरगी, कामाला चांगली, खरं मराठी दोन-चार शब्दांपुरतंच. आजोबा रात्रभर 'लागलीय, लागलीय' म्हणून ओरडत होते, तिला वाटलं काहीतरी लागलं, जखम झाली, ती अंगभर बघतीय, ते उठायला बघतायत, ती दाबून झोपवतीय. सकाळी रिपोर्टबुकात लिहिलेलं, पेशंट रात्रभर अस्वस्थ, हात बांधायचे काय विचारा. माणसाला लघवीला लागली होती, बस. ओल्या चादरीत तसाच झोपला होता.

आता ह्यात उगी सीमावाद आणू नको. त्याच पोरीनं पुढं महिन्याभरात वीसेक शब्द शिकून घेतले, आणि आजोबा जाईपर्यंत तिच्याच हातनं जेवत होते. 'ऊटा आयता अज्जा', जेवण झालं काय आजोबा, म्हणायची, ते मराठीत शिव्या घालायचे, ती हसायची. कोल्हापूरकडं ठेवलेल्या कानडी अज्जीचीही हीच गत होते, तिथं 'नीर बेकू' म्हणजे पाणी पाहिजे, हे कुणाला कळत नाही. म्हणजे प्रश्न बायका कन्नड बोलतात हा नाहीच आहे, रात्री मराठी समजणारं एक तरी माणूस आहे काय हा आहे, आणि नसेल तर शिकायची तयारी आहे काय. दाराला पाठ लावून बसलेल्या मॅनेजरला विचारू नको, काम करणाऱ्या बाईशी दोन वाक्यं बोल. बेळगावच्या आसपास आहे म्हणजे एखादी मराठी समजणारी असणारच असं धरून पण चालू नको, गावाकडनं कामाला येणाऱ्या पोरी बदलत असतात. ठेवायचं ठरलं तर एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात शब्द लिहून पलंगाच्या वर लाव, मराठी शब्द कन्नड लिपीत, पुढं कन्नडात अर्थ: लघवी, पाणी, दुखतंय, थंडी वाजतीय, नको, भूक, चक्कर, घरी जायचंय. शेवटचा शब्द तर ती सगळ्यात जास्त वापरणार आहे. पुण्यात मराठी बोलतील म्हणून दादा निवांत असेल, खरं तिथंही कामाला कुठली कुठली माणसं असतात, हाच प्रश्न तिथं पण विचारायचा.

बघायला जाताना त्यांनी दिलेल्या वेळेला एकदा जा, आणि मग न सांगता एकदा जा. रविवारी संध्याकाळी सातच्या पुढं, किंवा दिवेलागणीला, तेव्हाच ह्या माणसांचं डोकं जास्त फिरतं आणि तेव्हाच दिवसपाळीच्या बायका घरी गेलेल्या असतात. आत सोडत नाहीत म्हणाले तर त्यातच उत्तर आलं. आत गेलीस की फर्निचर बघू नको, तिथल्या म्हाताऱ्यांची नखं बघ. पाय बघ, टाचा बघ. पाण्याचा तांब्या हाताला पोचेल असा ठेवलाय की खिडकीत शोभेला आहे ते बघ. चष्मे, कवळ्या यांच्यावर नावं आहेत काय, नाहीतर एकाची कवळी दुसऱ्याच्या तोंडात, हसू नको, झालेलं आहे. दुपारी चारला सगळेच गाढ झोपलेले दिसले तर विचार, झोपेच्या गोळ्या कोण लिहून देतं. वास येणार थोडा, जिथं अजिबात येत नाही तिथं फिनेल जास्त असतं, खरं लघवीचा वास सकाळी आला तर समजू शकते, संध्याकाळीही तोच असेल तर तिथून निघ.

आणि रात्री किती बायका असतात ते विचार. 'चोवीस तास स्टाफ' हे उत्तर नव्हे. वीस जणांना रात्री किती, त्या जाग्या असतात की झोपतात, त्यांचं नाव काय. नाव चटकन सांगता आलं नाही तर रात्री कुणी नाही असं समज.

आणखी एक आपल्या बेळगावचं म्हणून सांगते, पुण्याच्या दादाला हे सुचणार नाही. आपल्याकडं जून-जुलैत चार-चार दिवस ऊन दिसत नाही. कपडे वाळत नाहीत, गाद्यांना बुरशीचा वास, आणि ओलसर चादरीवर म्हातारं माणूस झोपलं की पाठीला फोड यायला वेळ लागत नाही. म्हणून कपडे कुठं वाळवतात ते दाखवा म्हण. लाईट गेली तर यूपीएस आहे काय, गरम पाण्याला काय करतात. खोली खालच्याच मजल्यावर माग. बाथरूमला दांडी, कमोड, उंबरा नको. एवढं तर तुझ्या शहापूरच्या घरातही आजच करून घे, होम ठरेपर्यंत दोन महिने जातील, तोवर तिसऱ्यांदा पडायची वाट कशाला बघायची. रात्रीचं दार उघडायला लागलं की किणकिणेल अशी साधी घंटी लाव, गॅसचा सिलिंडर रात्री बंद करून रेग्युलेटर काढून ठेवायला कुणाला तरी सांग.

कागदांचं थोडक्यात. संस्थेचं रजिस्ट्रेशन बघ. 'आमच्याकडं सलाईन, ऑक्सिजन, सगळं होतं' म्हणत असतील तर केपीएमईचा नंबर विचार, कर्नाटकात दवाखाना-नर्सिंग होमला ते रजिस्ट्रेशन लागतंय. करार कन्नडात असतो बहुतेक, वाचता येत नसेल तर सही करू नको, ओळखीच्या वकिलाकडनं नाहीतर मुलांच्या कन्नडच्या सरांकडनं शब्द न् शब्द वाचून घे. डिपॉझिट परत मिळणार काय आणि किती दिवसांत, १६ हजारात डायपर, औषधं, फिजिओ येतात की वर लागतात (वरच लागतात, म्हणून १६ चे २२ धरूनच हिशेब कर), हॉस्पिटलात न्यायची वेळ आली तर कुठं नेणार, रात्री सोबत कोण थांबणार. निपाणीहून तुला पोचायला दीड तास धर, दादाला पुण्याहून पाच-सहा तास, तोवर फॉर्मवर सही कोण करणार ते आधीच लिहून ठेवायचं. गेल्यावर काय, हे पण विचार. वाईट वाटतं विचारायला, मला माहितीय, विचार तरीही. आणि आईचं पासबुक, एटीएम कार्ड कुणाच्याही ऑफिसात ठेवायचं नाही, होम कितीही चांगलं असलं तरी.

घर विकायचं दादा म्हणतोय त्याला सध्या नको म्हण. भांडू नको, नुसतं सहा महिने थांबूया म्हण. आईला तिथं मानवलं नाही तर ती परत कुठं येणार? भाड्यानं दिलंत तर महिन्याचा खर्चही थोडा निघेल. घर आईच्या नावावर असेल तर विकायचं की नाही हे तिनं ठरवायचं, तिला कळतंय तोवर. आणि कुणी 'आत्ताच माझ्या नावावर बक्षीसपत्र करून दे' म्हणत असेल तर त्यात सांभाळ करायची अट लिहून घ्यायची. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, त्याच्या कलम २३ प्रमाणं अशी अट घालून दिलेली मालमत्ता, घेणाऱ्यानं सांभाळलं नाही तर, ट्रिब्यूनल रद्द ठरवू शकतं. पोटगीचा अर्जही त्याच कायद्यात आहे, महिना १० हजारापर्यंत, एसी साहेबांकडं, म्हणजे असिस्टंट कमिशनरकडं करायचा, आई राहते तिथं किंवा मुलं राहतात तिथं. तुमच्या घरात ती वेळ येईल असं मला वाटत नाही, तुझा दादा पैसे द्यायला तयार आहे, एवढा तरी आहे. फक्त माहिती असावी. कुठल्याही होममध्ये काही वावगं दिसलं आणि कुणाला सांगावं कळेना तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाईन आहे.

आता आईला विचारण्याचं. तुझ्या एवढ्या लांब पत्रात आईचं म्हणणं काय, ते एकदाही नाही, तुझ्या लक्षात आलं काय? दादाचं आहे, वैनीचं आहे, मावशीचं पण आहे.

आम्ही ही चूक केली म्हणून सांगते. माझ्या सासूबाईंना आम्ही 'डॉक्टरकडं जाऊन येऊ' म्हणून रिक्षात बसवलं आणि होमवर नेऊन सोडलं. मी नर्स, मला कळायला हवं होतं, खरं घरात सगळ्यांनी ठरवलं की खरं सांगितलं तर त्या येणार नाहीत. नऊ दिवस त्या चप्पल काढायला तयार नव्हत्या. पलंगावर चप्पल घालून, पिशवी मांडीवर घेऊन बसायच्या, डॉक्टर कधी येणार म्हणून. होम काही वाईट नव्हतं. दहाव्या दिवशी चप्पल काढली आणि त्यानंतर माझ्याशी मात्र कधी नीट बोलल्या नाहीत, बाकी सगळ्यांशी बोलायच्या.

म्हणून देवदर्शनाला जाऊ वगैरे काही सांगू नको. सकाळच्या वेळेला, चहा झाल्यावर, ती ताजी असते तेव्हा बस आणि सांग, आई, तू दोनदा पडलीस, मला रात्री भीती वाटते, माझ्याकडं जागा नाही, दादाकडं दिवसभर कुणी नाही, दोन जागा बघूया, तू ठरव. रडेल. तूही रडशील. विसरेल, परत सांगावं लागेल, परत रडेल. तरी सांगायचं. मग तिला बेळगावजवळच्या त्या ठिकाणी नुसतं चहाला घेऊन जा, आणि मानवलं तर आधी पंधरा दिवसच ठेव, 'पावसाळ्यापुरती' म्हणून, बरीच होम असं थोड्या दिवसांसाठी घेतात. तिची पांघरायची गोधडी, देवाचा फोटो, तिचा स्टीलचा पेला सोबत दे, नवं काही घेऊ नको. कुंदा नेणार असशील तर शुगर बघून ने.

मला विचारशील तर मी बेळगावजवळचंच निवडीन, अर्थात रात्रीच्या माणसाचं आणि अंथरुणाला खिळल्यावर ठेवतात काय याचं उत्तर नीट आलं तर. पुण्याला दादा 'रोज जाईन' म्हणतोय, महिन्याने रविवारी जाईल, ट्रॅफिक असतं ना. तू निपाणीहून आठवड्यातून एकदा बेळगावला येऊ शकतेस, कर्नाटकातल्या बायकांना शक्ती योजनेत साध्या सरकारी बसला तिकीट पण नाही, आधार कार्ड तेवढं जवळ ठेव. आणि जिथं माणसं अधूनमधून न सांगता येतात तिथल्या म्हाताऱ्यांची नखं वेळेवर कापली जातात, हे मी बघितलंय. दादाला सांग, पैसे तुझे, जाणं माझं, आणि वर्षातनं दोनदा आठ-आठ दिवस तू येऊन बेळगावात राहायचं, मला सुट्टी. हे फोनवर नको, व्हॉट्सॲपवर लिहून घे, पुढं वैनीशी वाद नको.

ठेवल्यावर पहिले तीन-चार आठवडे ती 'घरी ने' म्हणेल, त्यावरनं होम वाईट असं ठरवू नको. वजन बघ दर महिन्याला, वजन खोटं बोलत नाही. पाठ आणि टाचा स्वतः उघडून बघ, लाज धरू नको. बोलणारी बाई एकदम गप्प झाली, नाहीतर तू जाशील तेव्हा तेव्हा झोपलेलीच असेल, तर औषधांचं रजिस्टर दाखवा म्हण, तिथंच उभी राहून.

ह्या रविवारी जमतंय काय बघ. सातच्या पुढं, फोन न करता. रात्रीच्या बाईचं नाव काय आणि तिला 'लागलीय' म्हणजे काय ते कळतं काय, एवढं मला लिहून कळव.